तिसऱ्या खंडातील खोडलेली ओळ

नागपूर,
१८ नोव्हेंबर १९६३

ती. गं. भा. अक्कास वामनचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास विलंब झाला, परंतु विलंबाचे कारण वाचल्यावर तू रागावणार नाहीस. अक्का, मी कायदा लिहितो आहे! तुझ्या शाळेच्या ओसरीवर ज्याला तू उताऱ्यातील प्रत्येक स्वल्पविरामासाठी उभे करीत होतीस, तोच मी.

आपल्या भागाचे आमदार उकंडराव परवा माझ्या कचेरीत आले, टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "वकीलसाहेब, शिवाशिवीचा कायदा झाला, बरोबर? मंग ज्याले दुसऱ्याच कारनानं भायेर ठेवलं, त्यानं कोनाच्या दारी जावं?" मी म्हणालो, त्याला कायद्यात दार नाही. ते म्हणाले, "मंग दार पाडा न जी!"

तेव्हापासून मला धड झोप नाही. हिवाळी अधिवेशनात ते अशासकीय विधेयक मांडणार आहेत. अस्पृश्यतेविरुद्ध जे संरक्षण आज आहे, ते आणखी काही जणांपर्यंत न्यायचे, एवढाच त्याचा उद्देश. तिसरा खंड हा विधेयकाचा कणा आहे. तो असा: "कोणत्याही व्यक्तीस (अ) ती महारोगातून बरी झालेली आहे, किंवा (ब) ती विधवा आहे, या कारणावरून विहीर, बाजार, मोटार, उपाहारगृह, शाळा अथवा सार्वजनिक समारंभ येथे मज्जाव करता येणार नाही."

उकंडरावांना भाषणासाठी एक खरा दाखला हवा आहे. "निबंध नको, गावाचं नाव पायजे," असे त्यांचे म्हणणे. धाडचा बाजार मोठा, तुझी नजर बारीक. असे काही तुझ्या पाहण्यात असेल तर कळव. मसुदा सोबत जोडला आहे. निर्दयपणे तपास.

तुझा
वामन

---

धाड,
२५ नोव्हेंबर १९६३

चि. वामन यास अनेक आशीर्वाद.

मसुदा पोचला. दुसऱ्या पानावर शाईचा डाग आहे. डाग पडलेला कागद मी चौथीच्या मुलींकडूनही स्वीकारत नाही. तू तो विधानसभेत नेणार असशील तर आधी स्वच्छ प्रत काढ.

आता आशयाकडे वळते. "महारोगातून बरी झालेली" हे ठरवणार कोण? सरपंच? "मान्यताप्राप्त वैद्याचा दाखला असलेली" असे लिही, म्हणजे वाद तिथेच मिटेल. "बाजार" हा शब्दही अपुरा आहे. बाजारात कोपऱ्यात जागा देणे आणि बाजारात जागा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हे मी उगीच लिहीत नाही.

नूरजहां मणेरीण तुला आठवत असेल. तुझ्या मुंजीच्या वेळी आपल्याकडच्या साऱ्या बायकांना तिच्या आईने बांगड्या भरल्या होत्या. नूरजहांला महारोग झाला. ती चार वर्षे कुष्ठधामात राहिली, सल्फोनच्या गोळ्या नेमाने घेतल्या आणि पूर्ण बरी होऊन परत आली. डॉक्टरांचा दाखला मी स्वतः वाचला आहे. त्याची भाषा तुझ्या मसुद्यापेक्षा स्वच्छ आहे. तिची पिढीजात जागा पाराजवळच्या बायकांच्या ओळीत. ग्रामपंचायतीने ती काढून घेतली आणि बैलबाजाराच्या पलीकडे दिली. तिथे गुरांचे दलाल जातात. बांगड्या भरायला बाई जाईल काय? तिच्या स्वतःच्या मोहल्ल्यातल्या बायकाही आता देऊळगावच्या मणेराकडून भरून घेतात.

मी सरपंच शेषरावांना शाळेत बोलावून विचारले. ते हसत म्हणाले, "बाई, कोनं हाकललं तिले? जागा देल्ली न आमी! अन् मोकळी हवा हाये तिकडं. बिमार मानसाले हवा पायजे."

मी म्हणाले, "ती आजारी नाही."

"मंग तं अजूनच चांगलं," म्हणाले, "चालत जाईन तेथवर."

हा तुमच्या उकंडरावांचा दाखला. धाडचे नाव खुशाल घ्यावे, लागल्यास माझेही.

वामन, मी या वयात उगाच हुरळणारी नव्हे, पण तुझा मसुदा हाती आल्यापासून मी वर्गात दोनदा गणित चुकले. इतके दिवस मी शेषरावांशी नुसती भांडत होते. आता माझ्या मागे एक खंड उभा राहील!

एक मात्र स्पष्ट सांगते. त्या खंडातले (ब) मी लाल शाईने खोडले आहे. मला वैधव्य आले तेव्हा तू शाळेत होतास. तेव्हापासून आजवर मला कोणी मोटारीतून उतरवले नाही, विहिरीवर अडवले नाही, की शाळेची खुर्ची नाकारली नाही. ज्यांना कोणी अडवत नाही त्यांच्यासाठी कायदा करणे म्हणजे रडगाण्याला राजपत्रात जागा देणे होय. शिवाय एका खंडात सारे जग कोंबले की तो कोणाच्याच उपयोगी पडत नाही. नूरजहांसाठी लढ. मला त्यातून वगळ.

सौ. सुभद्रेस आशीर्वाद.

अक्का

---

नागपूर,
७ डिसेंबर १९६३

ती. गं. भा. अक्कास वामनचा शिरसाष्टांग नमस्कार.

विधेयक पुरःस्थापित झाले! काल प्रेक्षकांच्या सज्जात बसून मी माझीच वाक्ये सभागृहात ऐकली. वैद्याच्या दाखल्याबाबत तू सुचवलेले शब्द जसेच्या तसे घेतले आहेत.

तुझ्या आज्ञेप्रमाणे (ब) गाळले. उकंडरावांना ते रुचले नाही. "कोनं खोडलं?" म्हणाले. मी म्हणालो, माझ्या बहिणीने, ती स्वतःच विधवा आहे. ते लाल रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "मंग तं आपन काय बोलाव? पन वकीलसाहेब, खोडलेला कागद फेकू नका, मले द्या."

ते बोलायला उभे राहिले तेव्हा प्रथम हशा झाला. एका सभासदाने विचारले, असा मज्जाव आहे तरी कुठे, एक गाव सांगा. उकंडराव कडाडले, "धाड! जिल्हा बुलढाणा! मनेरनीचं नाव नूरजहां!" हशा थांबला. मंत्रिमहोदयांनी विधेयक लोकमतासाठी प्रसृत करण्याची सूचना केली आणि ती मान्य झाली. आता त्याचा अर्थ नीट ध्यानात घे. गावोगावची मते महसूल खात्यामार्फत मागवली जातील. ज्या गावाचा दाखला सभागृहात दिला, त्या गावी अधिकारी प्रत्यक्ष जाऊन पाहील. मज्जाव दिसला, तर विधेयक प्रवर समितीकडे जाईल. "येथे कोणासही मज्जाव नाही" असे त्याने लिहिले, तर दाखला खोटा ठरेल आणि विधेयक तिथेच संपेल. सारा भार धाडवर आहे.

एक गोष्ट लिहावी की नाही, असे दोन दिवस मनात घोळते आहे, लिहून टाकतो. माझ्या लग्नात चुडा भरण्याच्या वेळी मी तुला शोधत आत आलो. तू कोठीघरात गुळाच्या ढेपा मोजत होतीस. त्या आदल्या दिवशीच मोजून झाल्या होत्या. त्यांचा आकडा मीच तुझ्याकडून लिहून घेतला होता.

तुझा
वामन

---

धाड,
२० जानेवारी १९६४

चि. वामन यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाला उत्तर देण्यासारखे काही नाही. म्हणून दिले नाही, आणि म्हणूनच या पत्रास इतका उशीर.

बाकी सर्व बातमी थोर आहे. धाडचे नाव सभागृहात घेतले गेल्याची वार्ता मोटारीने तुझ्या पत्राआधीच गावात आणली. शेषराव तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पेढे घेऊन आले. तेव्हाच मी ओळखले की काहीतरी शिजते आहे.

अर्जुनराव नावाचे नायब तहसीलदार पुढच्या महिन्यात बाजाराच्या दिवशीच येणार आहेत. शेषरावांनी त्या दिवसासाठी नूरजहांला तिची जुनी जागा परत देण्याचे ठरवले आहे! पाराजवळ, बायकांच्या ओळीत, वर पंचायतीच्या खर्चाने कापडाची सावली. साहेब डोळ्यांनी पाहतील की बाई बसली आहे, माल मांडला आहे, कोणी अडवत नाही. गिऱ्हाईक आले नाही तर तो पंचायतीचा दोष कसा?

मी नूरजहांकडे गेले. तिचा रोजा होता, तरी माझ्यासाठी चहा टाकला. कपाटात संक्रांतीसाठी आणलेल्या बांगड्या तशाच भरून होत्या. संक्रांत होऊन गेली, एक जोडही खपला नव्हता. मी म्हणाले, तुझी जागा तुला मिळते आहे.

"जागेवर बसून काय करू बाई?" ती म्हणाली. "मुंग्याइले चुड्या भरू? जागा सरपंच देईन. हात कोन देईन?"

तिने मला बोटे दाखवली. दोन बोटांना स्पर्श कळत नाही; रोग गेला, पण ते काही परत आले नाही. मी विचारले, मग बांगडी चढवताना समोरचीला दुखते की नाही हे तुला कसे समजते? म्हणाली, "बोटाले समजत नाही, म्हनून तोंडाकडं पाहा लागते. पयले हात पाहत होतो, आता मानूस पाहतो."

मी तिथेच योजना आखली. शेषरावांच्या डावाला एकच उत्तर आहे: साहेबांच्या समोर कोणीतरी प्रतिष्ठित सुवासिनीने तिच्यापुढे हात करावा, आणि मग गावाने तिला अडवून दाखवावे. अडवले तर मज्जाव सिद्ध. न अडवले तर नूरजहांचा धंदा सुरू. दोन्ही बाजूंनी आपलीच सरशी! शेषरावांची पत्नी विमलबाई माझी जुनी विद्यार्थिनी आहे. ती आधी घाबरली, "आत्याबाई घरात घेनार नाहीत," म्हणाली. पण शेवटी माझ्या हातावर हात ठेवून तिने शब्द दिला. या आत्याबाई, म्हणजे तिच्या सासू रुखमाबाई, त्या दिवशी लेकीकडे देऊळगावला जायच्या आहेत.

डॉक्टरांच्या दाखल्याच्या तीन सुवाच्य प्रती मी काढल्या आहेत. महारोगाविषयी मुलींपुढे भाषण झाले. माझ्या योजनेत मला तरी एकही छिद्र दिसत नाही.

अक्का

---

नागपूर,
२८ जानेवारी १९६४

ती. गं. भा. अक्कास नमस्कार.

घाईत लिहितो; उकंडराव दारात उभे आहेत आणि त्यांची मुंबईची गाडी तासाभरात आहे. तुझी योजना त्यांना वाचून दाखवली. ते एवढ्या मोठ्याने हसले की शेजारचे पक्षकार आत डोकावले. म्हणतात, "अक्काले सांगा, सभागृह मी पाहतो, बाजार तुमी पाहा!"

मला एकाच गोष्टीची धास्ती आहे. सारे काही विमलबाईंवर टांगलेले आहे. त्या आल्या नाहीत तर दुसरे कोण? दुसरी एखादी बाई तयार ठेव.

वामन

---

धाड,
१० फेब्रुवारी १९६४

चि. वामन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

दुसरी बाई मी तयार ठेवली नव्हती. आता क्रमाने सांगते, कारण तुला प्रत्येक शब्द लागेल.

काल बाजार. नूरजहां पाराजवळ बसली. पांढऱ्या चादरीवर बांगड्यांचे रंग असे मांडले होते की एरवी बायकांनी गराडा घातला असता. काल त्या वीस हातांवर उभ्या राहून पाहत होत्या. अर्जुनराव साहेब आले. गृहस्थ अबोल आणि नीटनेटका, कागदाला डाग नाही. शेषरावांनी त्यांच्यासाठी समोरच खुर्ची-टेबल मांडले होते. "पाहा साहेब! जागा हाये, सावली हाये, माल हाये. मनाई कोनाची? तुमीच सांगा."

मी विमलबाईची वाट पाहत होते. ती आली, पण एकटी नव्हे. रुखमाबाई देऊळगावला गेल्याच नव्हत्या; सुनेचा दंड धरून उभ्या होत्या. विमलने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मी गर्दीत बायकांना विचारत फिरले. माझ्या विद्यार्थिनींच्या आया, माझ्या शेजारणी. कोणी म्हणाली मागच्याच आठवड्यात भरल्या, कोणी म्हणाली घरात सुतक आहे. ज्यांना मी जिल्हा, तालुका, क्षेत्रफळ सारे शिकवले त्या मुली आता आया होऊन माझ्यापुढे पदर ओढून घेत होत्या.

अर्जुनरावांनी टाक शाईत बुडवला. नूरजहांने ते पाहिले आणि ती बांगड्या आवरू लागली. हिरव्या आधी.

वामन, त्या क्षणापर्यंत मला सुचले नव्हते. गावालाही नाही, शेषरावांच्या डोक्यातही नाही, तुझ्या पत्रातही नाही. मी साऱ्या बाजारात एक हात शोधत होते, आणि माझे दोन हात माझ्याजवळच होते.

मी चादरीसमोर खाली बसले. "नूरजहां, भर."

"कोनाले?"

"मला."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. "बाई, तुमाले?"

"डाव्या हातात घड्याळ आहे. उजव्यात भर."

तिने सवयीने हिरव्या उचलल्या. मी म्हणाले, हिरव्या नकोत; त्या माझ्या नव्हेत. निळ्या दे. तिने माझा हात हातात घेतला, पंजा दाबून मऊ केला आणि पहिली बांगडी अंगठ्याच्या उंचवट्याशी आणली. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलले नाहीत. बावीस-तेवीस वर्षांत त्या हातावरून काही सरकले नव्हते, दुखले. तिला लगेच कळले. ती थांबली, फिरवली, आणि ती चढली.

तेव्हा बाजारात एकच गदारोळ उठला!

"अवो बाई! हे काय करून राह्यल्या तुमी?" रुखमाबाई सुनेला सोडून पुढे धावल्या. "मास्तरीन हाये म्हनून काहीही का? कपाळ पांढरं अन् हातात चुडा! लेकीबाळी शिकतात तुमच्यापाशी!" मागून आणखी चौघी ओरडल्या. कोणी म्हणाली, उठवा तिला. कोणी म्हणाली, फोडा त्या बांगड्या.

अर्जुनरावांनी टाक थांबवला आणि अतिशय सभ्यपणे विचारले, "बाई, आपली हरकत मणेरणीच्या हाताला आहे की शिक्षिकाबाईंच्या?"

"मनेरनीचं काय घेऊन बसले जी!" रुखमाबाई म्हणाल्या. "ते भरते तं भरू द्या, तिचा धंदाच हाये. ह्या बाईचं बोला! विधवा बाईले बाजारात बसून बांगड्या भरता येत नाहीत, येवढं साहेबाले समजत नाही?"

"माय, गप राह्य!" शेषराव पुटपुटले. पण साहेब लिहू लागले होते.

आणि त्या गोंधळात माझ्या शेजारी कोणीतरी बसले. विमल होती. "आत्याबाई," ती मोठ्याने म्हणाली, "तुमीच म्हनल्या न, भरू द्या म्हनून? मंग मले भरू द्या." आणि तिने दोन्ही हात पुढे केले. रुखमाबाईंना साऱ्या गावासमोर स्वतःचा शब्द गिळता येईना. विमलनंतर तिची जाऊ. मग मोहल्ल्यातून दोघी आल्या; ईद तोंडावर आली आहे. दिवे लागेपर्यंत नूरजहांला मान वर करायला सवड मिळाली नाही. संध्याकाळी ती मला म्हणाली, "बाई, माह्यावर कोनी वरडलंच नाही! सारं तुमच्यावरच वरडले." आणि ती एवढी हसली की मलाही आवरले नाही.

आता कायद्याचे. उद्यापासून पंचायत नूरजहांची सावली काढील, पण तिची जागा काढू शकणार नाही. तिथे आता गिऱ्हाईक बसते. तरी तो खंड हवाच, कारण प्रत्येक गावात रुखमाबाई असे चुकून बोलून जाणार नाहीत. मात्र त्याचा दाखला आता धाड नव्हे, असे तू म्हणशील. चूक! एका सरकारी अधिकाऱ्यासमोर, भर बाजारात, स्पष्ट शब्दांत आणि चार साक्षीदारांसह मज्जाव झाला आहे. तो माझ्यावर झाला आहे. आणि जे कारण देऊन झाला, ते तुझ्या विधेयकात नाही, कारण ते मी खोडले.

उकंडरावांनी तो कागद फेकला नसेल अशी आशा आहे. (ब) पुन्हा घाल. शब्द असे घे: "ती विधवा आहे, या कारणावरून तिच्या वेषास, अलंकारास अथवा उपस्थितीस." उपस्थिती शेवटी असू दे. आधी हात, मग बाई.

अक्का

ता. क. पुढच्या पत्रावर "गं. भा." लिहू नकोस. पोस्टमनला माझे नाव ठाऊक आहे.

---

नागपूर,
२१ मार्च १९६४

ती. अन्नपूर्णाअक्कास वामनचा शिरसाष्टांग नमस्कार.

अर्जुनरावांचा अभिप्राय मुंबईस पोचला आहे. शेवटचा परिच्छेद उकंडरावांनी सभागृहात वाचला, त्यांनी पाठवलेली नक्कल समोर ठेवून लिहितो: "सदर गावी रोगमुक्त स्त्रीस मज्जाव असल्याचे ग्रामस्थांनी नाकारले. तथापि विधवा स्त्रीस मज्जाव असल्याचे त्यांनी माझ्या समक्ष, उच्च स्वरात आणि अभिमानाने सांगितले. विधेयकात ही तरतूद का नाही, हे मला समजले नाही."

कोणी हसले नाही. विधेयक प्रवर समितीकडे गेले, (ब) सह! अजून पुष्कळ वाट आहे. समितीत ते अडेल, कापले जाईल, कदाचित वर्षानुवर्षे पडून राहील. पण लाल रेघ मारलेला तो कागद उकंडरावांनी खिशातून काढला, तेव्हा त्याच्या घड्या इतक्या झिजल्या होत्या की तो रोज उघडला जात असावा. तुझे शब्द आता छापले गेले आहेत. त्यांत एकही बदल कोणी सुचवला नाही.

सुभद्रा विचारते, निळ्या म्हणजे नेमक्या कशा निळ्या?

तुझा
वामन

---

धाड,
२९ मार्च १९६४

चि. वामन यास अनेक आशीर्वाद.

छापील प्रत मिळाली. सातव्या ओळीत स्वल्पविराम एक जास्त आहे, तो समितीपुढे दुरुस्त करून घे.

गावात दोन घरांनी मुली शाळेतून काढल्या. एक परत आली. रुखमाबाई रस्त्यात तोंड फिरवतात, पण परवा त्यांच्याही हातात नव्या बांगड्या दिसल्या, आणि त्या देऊळगावच्या नव्हेत हे मी लांबूनच ओळखले. नूरजहांची चादर पाराजवळच असते. शेषराव आता परगावच्या पाहुण्यांना सांगतात की पंचायतीनेच तिला ती जागा दिली. मी खोडून काढत नाही.

सुभद्रेला सांग, अळशीच्या फुलासारख्या निळ्या. येत्या सुटीत तिला घेऊन ये. नूरजहां तिलाही भरील आणि मी समोर बसून पाहीन. कोठीघराला कुलूप लावले आहे.

वरच्या परिच्छेदावर शाईचा मोठा डाग पडला आहे. लिहिताना बांगड्या दौतीला लागल्या. हाताला अजून सवय झालेली नाही. पत्र पुन्हा स्वच्छ लिहून काढणार होते. राहू दे.

अक्का